मास्तरीणबाईंचे हात

मास्तरांनी अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं होतं, आणि त्यांच्या बायकोला मात्र घोट्याच्या वर पाणी आलं की घेरी यायची. तरी लोक तिला मास्तरीणबाईच म्हणायचे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मास्तरांनी तिला तरणतलावात उतरवून पाहिलं होतं. ती कठड्याला अशी काही चिकटली की सोडवायला दोन माणसं लागली. "ही बुडायची नाही," मास्तर तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बुडायची वेळ आलीच तर कठडा उपटून सोबत नेईल." पुढे कितीतरी वर्षं ते हा किस्सा पाहुण्यांना सांगायचे आणि ती दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखी हसायची.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवायची. तिच्या हातून गेलेल्या काचेवर बोटाचा ठसा सापडायचा नाही, अशी तिची ख्याती. मालक नव्या मुलींना सांगायचा, हात कसे असावेत ते हिच्याकडे बघा.

मास्तरांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडाच अवकाश होता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात येऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, नाही तर पोटात एक मऊ नळी कायमची बसवून घरच्या घरी डायलिसिस करायचं. दुसऱ्या वाटेत पिशवीतलं औषधी पाणी नळीतून पोटात सोडायचं, काही तास तिथं राहू द्यायचं, मग अंगातली घाण घेऊन ते बाहेर आलं की फेकून द्यायचं आणि पुन्हा ताजं भरायचं. दिवसातून चार वेळा, रोज, सुट्टी नाही. मास्तर म्हणाले, मशीनशी बांधून घेण्यापेक्षा पाणी बरं, पाणी आपल्या ओळखीचं आहे. ती म्हणाली, मी करीन.

आणि तिनं ते केलं. मागची अडगळीची खोली रिकामी करून भिंती धुऊन काढल्या, खिडकीला जाळी लावली, पिशवी टांगायला भिंतीत आकडा ठोकला. पिशवी बदलताना दार बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क. नखं मुळापासून कापलेली. बांगड्या तिनं काढल्या त्या पुन्हा घातल्याच नाहीत. नळीचं टोक उघडं असतं त्या घटकाभरात ती श्वाससुद्धा जपून घ्यायची. बाहेर आलेलं पाणी स्वच्छ आहे की नाही हे बघायची एक सोपी रीत सिस्टरनं शिकवली होती. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्यातून अक्षरं वाचता येतात का ते बघायचं. मास्तर रोज सकाळी स्वतःच्या पोटातल्या पाण्यातून मथळे वाचायचे आणि म्हणायचे, "आज बातम्या तेवढ्या घाण आहेत, पाणी स्वच्छ आहे."

हे विनोद पहिले काही महिने चालले. मग मास्तर विझत गेले. पोटात नळी असलेल्या माणसानं टबात बसायचं नाही, तळ्यात, नदीत तर उतरायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ज्या माणसाची सगळी हयात ओल्या चड्डीत गेली तो आता कोरडा ठणठणीत खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायचा. विचारलं तर म्हणायचा, चव नाही.

याच सुमारास मास्तरांची मोठी बहीण त्यांच्याकडे राहायला आली. सगळे तिला आक्का म्हणायचे. आक्कांनी उभा जन्म सूतिकागृहात दाई म्हणून काढला होता, शेकडो पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे स्वच्छता म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं मत होतं. भावावर जीव होता. भावजयीवर नव्हता असं नाही, पण तो दिसायचा नाही.

उन्हाळा उतरता उतरता मास्तर पुन्हा खाऊ लागले. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि परत आले की उकडलेली अंडी मागायचे, शीळ घालायचे, आक्कांची नक्कल करायचे. आक्कांना वाटलं आपल्या येण्यानं भावाला हुशारी आली. मास्तरीणबाईंना मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाही त्याची चड्डी आतल्या दोरीवर ओली दिसायला लागली. ड्रेसिंगची चिकटपट्टी भराभर संपायला लागली. आणि एकदा त्यांच्या कानामागून तिनं हात फिरवला तर बोटाला राखाडी, बारीक दगडाची पूड लागली.

शहराबाहेर दगडाची एक खाण होती. काम बंद पडून जमाना झाला होता आणि खड्ड्यात खोल हिरवं पाणी साचलं होतं. मास्तर लहानपणी तिथंच पोहायला शिकले होते, कुणी न शिकवता.

एका सकाळी ती त्यांच्या मागोमाग बसनं गेली. खाणीच्या काठाशी झुडपाआड उभी राहून तिनं खाली पाहिलं. मास्तर पाण्यावर उताणे पडले होते. पोटावर प्लास्टिक गुंडाळून चारही बाजूंनी पांढरी पट्टी मारली होती. डोळे मिटलेले, हात पसरलेले. आजार झाल्यापासून इतका सैल पडलेला चेहरा तिनं पाहिला नव्हता. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. ज्या बसनं आली त्याच बसनं ती परत गेली.

त्या दिवसापासून ते घरी आले की ती काही न विचारता ड्रेसिंग बदलायची, नळीभोवतीची कातडी औषधानं पुसायची, एकदा, मग पुन्हा एकदा. ते तिच्याकडे बघायचे नाहीत. ती त्यांच्याकडे बघायची नाही. दोघांनाही माहीत होतं की दुसऱ्याला माहीत आहे, आणि दोघंही एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हते. तिनं मनाशी हिशेब केला होता, माणूस जगवायचा तर नुसती नळी जगवून भागत नाही. हा हिशेब चुकीचा होता असं तिला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही.

मग एका सकाळी पिशवीतून मथळा वाचता येईना. पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ होतं. दुपारपर्यंत मास्तरांच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि अंग तापलं.

हॉस्पिटलात लगेच दाखल केलं. पोटाच्या आतल्या पडद्याला जंतूंची लागण झाली होती. किडनीच्या डॉक्टर चाळिशीच्या आतल्या, शांत बाई होत्या. त्यांनाही लहानपणी मास्तरांनीच तलावात ढकललं होतं, त्यामुळे त्या त्यांना मास्तरच म्हणायच्या. त्यांनी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला आणि नेहमीची दोन औषधं पिशवीतूनच पोटात सोडायला सुरुवात केली. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत उतार पडतो, असं त्यांनी सांगितलं.

उतार पडला नाही. पिशव्या गढूळच येत राहिल्या. प्रयोगशाळेतून निरोप आला की नमुन्यात काहीच उगवलं नाही. जंतू तर आहे, पण तो सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून नेमकं औषध देता येत नाही. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

आक्का रोज मास्तरांच्या उशाशी बसायच्या. पहिल्या दिवशी त्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरला म्हणाल्या, घरात पिशव्या कोण बदलतं ते विचारा. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या शेजारणीसमोर म्हणाल्या की आमच्या वेळी असे हात असते तर एक बाळंतीण वाचली नसती. मास्तरीणबाई तिथंच उभ्या होत्या, थर्मासचं झाकण लावत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जागे होते. ते खिडकीकडे बघत होते.

का बोलली नाही ती? नंतर स्वतःला तिनं हे खूपदा विचारलं. औषधानं बरं वाटेल आणि विषय मिटेल अशी आशा होती. आजारी माणसाला बहिणीसमोर, डॉक्टरांसमोर उघडं पाडायचं कसं, हाही संकोच होता. आणि खोल कुठेतरी तिला वाटत होतं की ते स्वतः बोलतील. एवढी वर्षं ज्याच्यासोबत काढली तो माणूस तिला असं वाऱ्यावर सोडणार नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर सिस्टरला घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून मास्तरांजवळ बसल्या. एकेक विचारू लागल्या. घरात मांजर, कुत्रा? कुंड्यांमधली माती हाताळता का? दात काढला होता का? विहिरीच्या, तळ्याच्या पाण्याशी कुठं संबंध? मास्तर प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणाले. शेवटच्या प्रश्नाला जरा जास्तच पटकन म्हणाले. पण मास्तर खोटं बोलतील हे डॉक्टरांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

"हिचे हात बघा आधी," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण रीत म्हणून त्यांनी मास्तरीणबाईंना सांगितलं की घरी हात कसे धुता ते बेसिनपाशी एकदा करून दाखवा. खोलीत सगळे बघत होते. मास्तरीणबाईंनी बाह्या कोपरावर सरकवल्या. साबण घेतला. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, मनगटं. एकही पायरी चुकली नाही. काचांवर ज्यांनी कधी ठसा उमटू दिला नाही ते हात आरोपीसारखे सगळ्यांसमोर नळाखाली धरले होते. कोपरानं नळ बंद करून, ओले हात छातीशी वर धरून त्या वळल्या. मास्तर अजूनही खिडकीकडेच बघत होते.

"ते खाणीत पोहायला जातात," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आक्कांनी वळून भावाकडे पाहिलं. मग मास्तर म्हणाले, "एकदा गेलो होतो."

"एकदा नाही."

डॉक्टर उभ्या राहिल्या. "मास्तर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तो शब्द शाळेतल्या मुलीनं म्हणावा तसा बाहेर आला. मग त्या तडक फोनकडे गेल्या आणि नमुना टाकून देऊ नका, वेगळ्या पद्धतीनं रंगवून बघा आणि जास्त दिवस वाढू द्या, असं त्यांनी प्रयोगशाळेला सांगितलं.

जंतू सापडला. टीबीच्या जंतूच्या दूरच्या नात्यातला होता, भावकीतला म्हणा, पण टीबीच्या औषधांना दाद न देणारा. तो साचलेल्या पाण्यात, मातीत, पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतो, बहुतेकांच्या वाटेला जात नाही, आणि एकदा नळीला चिकटला की मेणासारखा बसतो. डॉक्टरांनी आजवर असा एकच रुग्ण पाहिला होता. त्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मास्तरीणबाईंनी विचारलं नाही.

नळी काढावी लागली. मानेत दुसरी नळी घालून मास्तरांना मशीनला जोडलं. पोटातला पडदा जागोजागी चिकटला होता, तेव्हा घरचं डायलिसिस पुन्हा कधी होणार नव्हतं. औषधं तीन, तीही कित्येक महिने. त्यातलं एक इंजेक्शन कान घालवू शकतं, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. दर आठवड्याला कान तपासू, ऐकू येणं कमी झालं की थांबवू, पण ते न देता हा जंतू हटेल असं मला वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर मास्तरीणबाईंनी डॉक्टरांना जिन्यापाशी गाठलं आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. डॉक्टर कठड्याला टेकल्या.

"आधी सांगितलं असतंत तरी नळी काढावी लागली असतीच, काकू. पोट कदाचित इतकं चिकटलं नसतं. कदाचित." मग त्या म्हणाल्या, "आणि एक गोष्ट. हा जंतू घरातल्या नळाच्या पाण्यातही असतो. खाणीतूनच आला असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. तसं सांगणं खोटं होईल."

मास्तरीणबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. रोज चार वेळा ते घरातल्या नळाखालीच तर धुतले होते.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

आक्कांचा राग मावळला नाही, त्यानं नुसते कपडे बदलले. तुला माहीत होतं आणि तू मूग गिळून बसलीस, असं आता सुरू झालं. आधी हात मळके होते, आता मन मळकं ठरलं. मास्तरीणबाई ऐकून घ्यायच्या. यात थोडंफार खरं होतं, आणि खऱ्याला उत्तर देता येत नाही.

मास्तर तिच्याशी बोलेनासे झाले. ती पाणी द्यायची, ते प्यायचे. ती उशी सरळ करायची, ते मान उचलायचे. एकदा दुपारी वॉर्डात दोघंच असताना ते छताकडे बघत म्हणाले, "तू सांगितलंस."

"हो."

"गप्प राहिली असतीस तर गेलो असतो. घरच्या घरी, पोटात माझं पाणी घेऊन. हे असं बांधलं तरी नसतं."

तिनं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही गेला असता, आणि तुमच्या मरणाला माझ्या हातांचं नाव लागलं असतं. जन्मभर. ते तुम्हाला चाललं असतं?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तुम्हाला वाचवायला बोलले असं तिला म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण नळाखाली हात धरले होते तेव्हा तिच्या मनात मास्तर नव्हते, हेही तितकंच खरं होतं.

कान आधी उजवा गेला. तपासणीत घट दिसताच डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, पण गेलेलं परत आलं नाही आणि जायचं ते जातच राहिलं. थंडी पडेपर्यंत मास्तरांना दाराची घंटासुद्धा ऐकू येईना. जंतू मात्र हटला. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मास्तरांनी हात कानामागे नेला आणि विचारलं, "काय गेलं म्हणता?" डॉक्टरांना हसावं की काय करावं कळेना.

आठवड्यातून तीनदा आक्का आणि मास्तरीणबाई त्यांना रिक्षानं हॉस्पिटलात न्यायच्या. लांबलचक खोलीत मशीनांची रांग, प्रत्येकापाशी एक खुर्ची, खुर्चीत एक पांढरा पडलेला माणूस. तिथं एकदा आक्का शेजारच्या खुर्चीवरच्या रुग्णाच्या बायकोला भावजयीच्या मळक्या हातांची जुनी कहाणी सांगत होत्या. हळूच सांगत होत्या, पण मास्तर आता लोकांच्या ओठांकडे बघायला शिकले होते. त्यांनी आक्कांकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती नेहमीप्रमाणे त्यांच्या पायांवर चादर नीट करत होती.

"आक्का," मास्तर म्हणाले, "हिचे हात स्वच्छ होते. मी पोहायला गेलो. हिला सगळे बोलत होते आणि मी मुकाट पडून होतो."

त्यांना वाटलं आपण कानात सांगावं तसं सांगतो आहोत. आपला आवाज केवढा लागतो हे कळायला त्यांना कान राहिले नव्हते. ते शब्द तलावाच्या या काठावरून त्या काठाला ओरडावेत तसे खोलीभर गेले. सिस्टर हातातला ट्रे घेऊन थांबली. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. आक्का लालबुंद झाल्या. मास्तरीणबाई चादरीचं टोक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. त्यांना वाटलं, जंतू कुठून आला ते या माणसालाही ठाऊक नाही. हाही नुसतंच म्हणतो आहे, आणि तरी म्हणतो आहे.

त्यानंतर ते दोघं पुन्हा बोलायला लागले. बोलणं कसलं, खाणाखुणा आणि मध्येच मास्तरांची आरोळी. शेजारी हसायचे. काही दिवस बरे गेले.

पुढचा उन्हाळा मास्तरांनी पाहिला नाही. हृदय थकलं होतं, मशीनवर असताना एकदम दाब उतरला. मास्तरीणबाई खाली चहा आणायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा खुर्चीभोवती पडदा ओढलेला होता आणि आक्का पडद्याबाहेर उभ्या होत्या, दोन्ही तळवे ओंजळीसारखे जोडलेले, जणू कुणी धरून ठेवायला दिलेलं काही त्या सांभाळत होत्या.

आक्का त्यानंतरही तिथंच राहिल्या. जायला दुसरीकडे नव्हतं, आणि मास्तरीणबाईंनी जा म्हटलं नाही. दोघी दिवसभर एकमेकींशी फारसं बोलायच्या नाहीत. एकदा जेवताना मास्तरीणबाईंनी जिन्यापाशी डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते सांगून टाकलं. का सांगितलं, त्यांनाही कळलं नाही. जंतू घरच्या नळातूनही आलेला असू शकतो, म्हणजे माझ्या हातांवरूनही, कुणाला कधीच सांगता येणार नाही, असं सगळं त्यांनी ताटाकडे बघत सांगितलं, आणि मग वाट पाहिली.

आक्कांनी घास खाली ठेवला.

"खाणीतूनच आला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना काय कळतंय. वाढ भात."

मास्तरीणबाईंनी भात वाढला.